पोळीच्या कडा

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रार्थना करून वाटतात ती पोळी पाळीपाळीनं एकेका घरी होते. शहरातल्या चर्चमध्ये पांढऱ्या गोल चकत्या विकत आणतात, आमच्याकडे तसले चोचले नाहीत. मोताळ्याजवळचं गाव, एका गल्लीत मावतील एवढी ख्रिस्ती घरं, पत्र्याचं देऊळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी जिची पाळी असेल तिनं पहाटे आंघोळ करून कणीक भिजवायची. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. पोळी मोठी आणि जाडसर लाटायची, फुगू न देता मंद आचेवर भाजायची आणि सुरीनं चारी बाजू कापून चौकोनी करायची, म्हणजे उपासना चालवणाऱ्या पाळकांना तुकडे सारखे मोडता येतात. भिजवलेल्या काळ्या मनुका उकळून फडक्यातून गाळायच्या, तो द्राक्षरस. कापलेल्या कडा घरातल्या पोरांच्या. त्या प्रार्थनेच्या आधीच्या, म्हणजे साधी पोळीच, गुळाशी खाल्ली तरी चालते. आमची पाळी आली की मी आणि माझा धाकटा भाऊ त्या कडांवरून भांडायचो. तो जिंकायचा, कारण भांडण संपायच्या आत तो खाऊन मोकळा झालेला असायचा.

तो भाऊ आता नाही. बाबांचं मोताळ्याला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचं त्यानं मोटारसायकलचं केलं होतं. एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरी येताना रस्त्यात कुणाची तरी गाडी बंद पडलेली दिसली, म्हणून हा कडेला बसून तिचा प्लग साफ करत होता. मागून सोयाबीनची पोती भरलेला पिकअप आला आणि रस्ता सोडून त्याच्या अंगावर गेला. चालवणारा आमच्याच मंडळीतला. दोन घरं सोडून राहणारा, लहानपणी भावाच्या मांडीला मांडी लावून देवळात गाणी पाठ केलेला. तो प्यायलेला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण निघताना त्याला झोकांड्या खाताना बघणारे होते.

कोर्टात मात्र बघणाऱ्यांनी काहीच बघितलं नव्हतं. बंद गाडीवाला माणूस कुठल्या कुठं निघून गेला, तो सापडलाच नाही. आणि आमच्या या गाणी पाठ करणाऱ्यानं वकिलानं शिकवल्याप्रमाणे सांगितलं, की समोर जनावर आडवं आलं, मी दारूला शिवतसुद्धा नाही. पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला. त्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं घरी आलो. आईनं आल्या आल्या चुलीवर भात टाकला.

मी लग्न होऊन मलकापूरला असते. शाळेत शिकवते. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी माहेरी जायची सवय मोडलेली नाही. अशाच एका रविवारी साक्षीची वेळ आली, म्हणजे ज्याला देवाविषयी काही सांगायचं आहे त्यानं उभं राहून सांगायचं, आणि हा माणूस पुरुषांच्या बाजूला उभा राहिला.

“त्या दिवशी मी पेलो होतो,” तो म्हणाला. “जनावर-बिनावर काही नव्हतं. मले रस्ताच दिसून नाही राह्यला होता. कोर्टात मी खोटं बोललो. देवानं मले माफ करावं, अन् मंडळीनं बी करावं.”

मग तो रडला. बायकांच्या बाजूला दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिथं खरं बोललं की तुरुंग, तिथं हा खोटं बोलला. आणि जिथं खरं बोललं की लोक गळ्यात पडतात, तिथं याला खरं आठवलं. पाळकांनी त्या दिवशी ठरवलेला संदेश बाजूला ठेवला आणि हरवलेल्या मेंढराविषयी बोलले. मेंढपाळ कसा रानोमाळ हिंडतो, सापडल्यावर त्याला खांद्यावर कसा घेतो. मी मनात म्हटलं, घेऊ दे की, पण जे मेंढरू मेलं त्याला कोण उचलणार?

दुसऱ्याच दिवशी मी वकिलाकडे गेले. वकील भला माणूस होता. त्यानं चहा मागवला आणि सांगितलं, की ताई, एकदा सुटला तो सुटला, अपिलाची मुदतही गेली, आणि देवळात रडत काय बोलला ते कोर्टात येऊन सांगणार कोण? तुमच्या मंडळीतलं कोणी सांगेल? मी मंडळीतले एकेक चेहरे आठवून पाहिले. चहा तसाच राहिला आणि मी उठले.

आमच्या मागच्या बाजूला एक बौद्ध कुटुंब राहतं. त्या घरातल्या मावशी आईच्या जुन्या मैत्रीण, दोघींचं सगळं निवडण-टिपण एकत्र चालतं. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या सूप घेऊनच आल्या आणि आईला म्हणाल्या, “बाई, पोरगं तुमचं गेलं, अन् माफी देवानं देऊन टाकली? तुमाले इचारलं तरी का त्यानं?”

आई तूर निवडत होती, निवडत राहिली. मला तर मावशींना जाऊन मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं आम्ही देवळात देवाच्या दयेची गाणी म्हटली, पण हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

बाबा मंडळीचे पंच. प्रभुभोजनाची थाळी घेऊन सतरंजीवर बसलेल्या एकेकासमोर वाकायचं, हे काम त्यांचं. पाप करणाऱ्याला मंडळी प्रभुभोजनापासून दूर ठेवते, त्यानं पश्चात्ताप केला की पंच बसून त्याला परत घेतात. पाळकांनी बाबांना सांगितलं, तुम्ही या वेळी बैठकीला नाही आलात तरी चालेल. बाबा गेले. काय झालं ते मी विचारलं तर एवढंच म्हणाले, “नियम आहे. त्यानं कबूल केलं, त घ्याच लागते.”

“आणि तुमच्या मनाचं काय?” मी विचारलं.

“माह्या मनाले नियम नाही,” ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

मग त्याला परत घ्यायचा रविवार आला. पाळकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, प्रत्येकानं आपलं मन तपासावं, कुणाविषयी मनात अढी असेल तर ती सोडून मगच घ्यावं, नाहीतर घेऊ नये. आमच्याकडे हे गमतीवारी नेत नाहीत. ज्यानं घेतलं नाही त्याच्यासमोरून थाळी गुपचूप पुढं जाते आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं. बाबा पांढरा सदरा घालून थाळी घेऊन निघाले. मी बायकांच्या बाजूला, पण नजर त्यांच्या हातावर. मला वाटत होतं, त्याच्यासमोर आल्यावर हात थांबेल. थांबावा, असंच मला वाटत होतं, लपवू कशाला. बाबा त्याच्यासमोर वाकले, जसे इतरांसमोर वाकतात तसेच. त्यानं मान खाली घालून तुकडा उचलला. बाबा पुढच्याकडे गेले.

सगळ्यांना देऊन झालं की शेवटी पाळक पंचांना देतात. पाळकांनी थाळी बाबांसमोर धरली. बाबांनी मान हलवली, नाही. पाळकांना वाटलं, चुकून झालं असेल, त्यांनी पुन्हा धरली. बाबांनी हात जोडले आणि जागेवर जाऊन बसले.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. चिडायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं. म्हटलं, ज्यानं केलं तो खातो आणि ज्याचं गेलं तो उपाशी, हा कुठला न्याय? त्याला दिलंतच कशाला?

“देनं माह्यं काम आहे. थाळी काही माह्या घरची नाही.”

“मग घेतलं का नाही?”

ते सदऱ्याच्या गुंड्या काढायला लागले. मग म्हणाले, “मनात आहे ते आहे, बाई. लय इनवण्या केल्या, नाही जात. आता देवापुढं जाऊन सारं साफ आहे म्हणू का? खोटं बोलाचं? त्यानं कोर्टात तेच त केलं.”

मी मात्र प्रभुभोजन घेते. नियमानं मीही घेऊ नये. पण देवाशी माझं भांडण आहे आणि ते त्याच्या पंगतीला बसूनच करावं असं मला वाटतं. बाबांना असं जमत नाही. ते लहानपणापासून त्या थाळीला भितात.

पुढचा महिना गेला, त्याच्या पुढचाही गेला. बाबा देतात आणि घेत नाहीत. मंडळीनं आधी कुजबूज केली, मग पाळकांनी घरी येऊन प्रार्थना केल्या, मग सगळ्यांनी हात टेकले. मधे बाबांच्या छातीत दुखलं, बुलढाण्याला नेऊन दवाखान्यात ठेवलं. तिथं पाळक पोळी आणि रस घेऊन आले, की न जाणो. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. मला त्या वेळी खरंच भीती वाटली, की हा माणूस असाच जाईल. ज्या देवावर उभं आयुष्य काढलं त्याच्या दारातून उपाशी जाईल, आणि तो दुसरा पोटभर जेवून स्वर्गात बसेल.

ते बरे होऊन घरी आले. त्यानंतर एकदा मोताळ्याच्या स्टँडवर तो मला भेटला. मी तोंड फिरवलं, तरी तो समोर येऊन उभा राहिला. वाळला होता.

“ताई, मी येनं बंद करू का?” त्यानं विचारलं. “काका माह्यामुळं घेत नाही. मले समजते. तुमी म्हनसान त मी दुसऱ्या गावच्या मंडळीत जातो.”

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हे ठरवणारी मी कोण? म्हटलं, काकांना विचारून सांगते, आणि गाडीत चढले. त्याला मी माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी त्याची ती दशा बघून मला जे बरं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

बाबांना सांगितलं. ते अंगणात खाटेवर बसले होते. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “त्याले सांग, येत जाय. तो नाही आला त दोघंही उपाशी राहू. दोघानं काऊन राहाचं?”

एवढं बोलून ते औषधाच्या गोळ्या शोधायला लागले. मी खाटेजवळ उभी राहिले. एवढी दया ज्याच्याजवळ आहे त्याच्याच मनातून ती अढी का काढत नाहीस, असं मी देवाला अंगणात उभं राहून विचारलं. मी तो निरोप पोचवला. तो येतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती. आई आता दर महिन्याला पोळीची पाळी स्वतःच घेत होती. जिची पाळी असेल तिच्याकडे आदल्या दिवशी जाऊन म्हणायची, तुमची राहू द्या, मी करते. बायकांना वाटायचं, मुलगा गेल्यापासून बाई देवाला लागली. मला राग यायचा. पोराला मारणाऱ्याच्या तोंडी पडणारी पोळी दर महिन्याला आपणच का लाटायची, असं मी तिला दोनदा विचारलं. ती म्हणायची, “पीठ आहे घरात, करते.”

एरवी मी बहुधा देवळातूनच परतीची एसटी धरते, पण गेल्या पहिल्या रविवारी मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले होते. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आईनं पोळी भाजून पोळपाटावर घेतली होती आणि सुरीनं कडा कापत होती. गरम वास आला आणि मला भावाचं भांडण आठवलं. मी डब्यातून गुळाचा खडा काढला आणि एक कड उचलली.

“राहू दे,” आई म्हणाली. “ते तुह्या बाबाचं आहे.”

तिनं माझ्या हातातली कड घेतली आणि बाकीच्यांबरोबर फडक्यात बांधून ठेवली.

उपासना झाली. बाबांनी थाळी फिरवली, सगळ्यांना दिलं, त्याला दिलं, स्वतः घेतलं नाही. आम्ही घरी आलो. बाबांनी सदरा खुंटीला टांगला, हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले. आईनं फडकं सोडून कडा ताटलीत काढल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. गूळ दिला नाही, भाजी दिली नाही.

बाबांनी ताटलीला हात लावला नाही. आधी आईकडे बघितलं.

“हे प्रार्थनेच्या आधीचं आहे ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” आई म्हणाली. “आधीचंच आहे. दर वेळी काय इचारता? खा.”

मग त्यांनी खाल्लं.