दहा गोटे

फुलसावंगीच्या पुढे एका तांड्यालगत, शाळेच्या मागे, गायरानाचा एक तुकडा आहे. तिथं खेळलेल्या मुलीची दक्षिण आशियाई देशांच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल स्पर्धेसाठी भारताच्या संघात निवड झाली, म्हणून मी यवतमाळहून बातमी करायला गेलो होतो. मैदानाच्या एका कडेला गुडघाभर उंच दगडांची रांग होती. कुंपण आहे का, असं मी विचारलं. मुलींना शिकवणारे शाळेतले सर हसले.

"कुंपण नाही, तो उशीर आहे. जी उशिरा येईन तिनं दहा गोटे वेचायचे अन् कडेला नेऊन ठेवायचे. सहा वर्षं झाले."

पाणी भरून, कापूस वेचून मुली येत, त्यामुळे उशीर रोजचाच. कापसाच्या दिवसांत रांग भराभर वाढे. जमीन मात्र अनवाणी पळता येईल इतकी साफ झाली होती. जिल्हा संघाची निवड चाचणी पहिल्यांदाच या मैदानावर ठरली, ती त्यामुळेच. तांड्यातल्या एकोणीस मुली तिच्या तयारीत होत्या.

निवड झालेली मुलगी स्पर्धेत तीन सामने खेळली. संघ दुसरा आला. ती परतायच्या आत गावात सत्कार समिती तयार झाली. जागा ठरली हेच मैदान.

सत्काराच्या आदल्या दुपारी मी पोचलो तेव्हा जेसीबी चालू होता. परतीच्या पावसानं जमीन ओली होती. पाहुण्यांच्या गाड्या फसू नयेत म्हणून जेसीबीनं दगडांची रांग मैदानात लोटली होती आणि त्यावर टिपरमधून मुरूम पडत होता. सर समितीच्या एका माणसासमोर उभे होते.

"पंधरा दिवसांनी चाचणी हाय. पोरी कुठी खेळतीन?"

"सर, गाडी फसली तं गावाची इज्जत जाईन."

"हे गोटे पोरींनी वेचले होते."

"मंग अखीन वेचतीन. सवय हाय त्याईले."

बाजूचे दोघे हसले. सर म्हणाले, "गोटे वेचता येते भाऊ. मुरूम कसा वेचाचा?"

टिपर रिकामा होऊन दुसरी खेप आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सत्कार अकराला होता. मुलीला वेशीवरच थांबवून उघड्या जीपमधून मिरवलं. ती मंचावर पोचली तेव्हा दोन वाजत आले होते. पाच भाषणं झाली. पाचही वक्त्यांनी तांड्याच्या मातीचा गौरव केला. ती माती त्या वेळी मुरमाखाली होती. मुलीच्या आईला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली होती. शेवटी मुलीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती माइकजवळ आली, मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी आज उशिरा आली. मले दहा गोटे वेचा लागतीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, "पोरगी विनोदी आहे."

ती शालीसकट खाली उतरली आणि गाड्यांच्या रांगेजवळ वाकून गोटे उचलू लागली. आई धावत गेली. "बाई, शाल खराब होईन."

"होऊ दे याडी," ती आईला म्हणाली.

सर तिला थांबवायला गेले नाहीत. एका चालकानं तिला हॉर्न दिला. पाहुण्यांची गाडी निघायची होती.

मी बातमीत मैदानाचं लिहिलं. सत्कार दोन रकान्यांत छापून आला, मैदानाचा परिच्छेद गळला होता. मी विचारलं तेव्हा जागा नव्हती, असं उत्तर मिळालं. शालीचा फोटो मात्र मोठा होता.

चाचणीच्या आधी निवड समितीनं जमीन पाहिली आणि चाचणी यवतमाळला हलवली. दिवस कापूस वेचणीचा होता. पहाटेच्या गाडीनं एकोणीसपैकी सहाच मुली जाऊ शकल्या. उरलेल्या तेरा जणी पुढच्या वर्षी या चाचणीच्या वयात बसणार नाहीत.

मुरूम अजून आहे. सत्कार समितीला मी दोनदा विचारलं. समिती बरखास्त झाली, असं सांगण्यात आलं. सरांनी नियम बदलला आहे. आता वेळेवर आलेल्या मुलीनंही खेळाआधी दहा गोटे वेचायचे असतात.