एक ठेवला

पहाटे बाबांचा फोन आला, तेव्हाच मला कळलं. बाबा स्वतः कधी फोन लावत नाहीत. मिलिंद नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात द्यायचा. त्या दिवशी नंबर त्यांनीच लावला होता. "मिलिंद गेला," एवढंच बोलले आणि फोन बंद करायचं विसरले... वॉर्डातली कुणाची तरी खाट सरकल्याचा आवाज आणि बाबांचा श्वास, पिपरी मेघेतल्या माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ऐकत राहिले. आदल्या संध्याकाळी मी त्याला भेटून आले होते. त्या भेटीत तो जे बोलला ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर त्याचा अर्थ लागणार नाही.

मिलिंद माझा पाठचा भाऊ. आई आणि बाबा दोघांच्याही रक्तात सिकलसेल या आजाराचा अर्धा-अर्धा वाटा होता आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. आमच्याकडे लग्न जमवताना लोकांनी घर पाहिलं, नोकरी पाहिली, मुलीचा रंग पाहिला, रक्त तेवढं कुणी पाहिलं नाही. भावंडांच्या वाटणीत मला अर्धा आला, त्याला पूर्ण. लहानपणी दुखणं उठलं की तो भिंतीकडे तोंड करून कण्हत पडायचा. मग बाबा त्याला पाठीवर घेऊन समुद्रपूरच्या स्टँडवर जायचे आणि तिथून बसने वर्धेला. बाबा जिनिंगमध्ये हमाल होते. "कापसाच्या गाठीपुढं याचं काय वजन?" म्हणत ते हसायचे. मिलिंद हसायचा नाही. शाळेतली पोरं त्याला 'पाठुंगळी' म्हणून हाक मारत.

कॉलेजच्या पहिल्या वर्षात त्याच्या खुब्याचं हाड गेलं. या आजारात कधी कधी हाडाला रक्तच पोचत नाही आणि ते आतल्या आत मरतं. आधी उजवं गेलं, मग डावं. ऑपरेशनचं बोलणं निघायचं आणि दर वेळी नवं दुखणं आडवं यायचं. कुबड्या आल्या. एकदा तो न्हाणीत बसला आणि त्याला उठताच येईना. बाबांनी दार ढकललं आणि त्याला तसाच, ओला, उघडा, उचलून सगळ्यांसमोरून खाटेवर आणून ठेवलं. संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, तुमी किती दिवस उचलसान मले?"

"मी आहो तोवर."

"अन् मंग?"

काही दिवसांनी जिनिंगच्या भंगारातला एक लोखंडी पाइप मागून घेऊन ते घरी आले. अंगणातल्या निंबाच्या बेचक्यात एक टोक आणि रोवलेल्या खांबावर दुसरं, असा तो त्यांनी पक्का बसवला. पाइप मुद्दाम बुटका ठेवला, स्टुलावर बसून मिलिंदचे हात पुरतील इतका.

पुलअप मारणं म्हणजे भरतीच्या पोरांचं काम, असं सगळ्यांना वाटतं. शेजारी विचारायचे, "काय मिलिंदभाऊ, मिलट्रीत चालले काय?" तो म्हणायचा, "आधी न्हाणीतून तं उठू द्या, बॉर्डरचं मंग पाहू." सुरुवातीला तो नुसता लटकायचा. तळहात सोलून निघाले, तरी लटकायचा. मग पाइपाच्या आधाराने उभं राहून हनुवटी वर न्यायची, पाय मोकळे सोडायचे आणि सावकाश, अगदी सावकाश खाली यायचं. वर जायची ताकद खाली येतानाच तयार होते, हे त्याला दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं. मग तळहात स्वतःकडे वळवून वर जाणं आलं, त्यात दंडाची मदत होते. तळहात बाहेर करून, पाठीच्या जोरावर वर जाणं फार पुढे जमलं. झोका घेतलेला त्याला मुळीच चालत नसे. "झोका पाळण्यात घ्यावं," म्हणायचा.

मॅडमनी एक अट मात्र घातली होती. बाकीचे लोक दम निघेपर्यंत ओढतात, तू तसं करायचं नाहीस. धाप लागली की तुझं दुखणं उठणार. भरपूर पाणी प्यायचं आणि अजून एक जमेल असं वाटत असतानाच थांबायचं. तो एक हातात शिल्लक ठेवायचा. ही अट मिलिंदने पथ्यासारखी पाळली. मी फोनवर विचारायची, आज किती झाले? "किती ते सोड ताई, एक ठेवला." तो शिल्लक एक कशासाठी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. न्हाणीतून उठायला, खाटेवरून उतरायला. त्याच एकावर तो पुढे बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायला लागला. कमरेखाली काडी आणि वर पैलवान असा त्याचा देह झाला होता.

फक्त एकदा त्याने पथ्य मोडलं. आम्ही सगळे गिरडला गेलो होतो, नवस वगैरे नव्हता, फिरायलाच. दर्ग्याच्या टेकडीखाली बाबा सवयीने त्याच्यापुढे वाकले. मिलिंदने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कुबड्यांवर, खांद्यांच्या जोरावर, तो वरपर्यंत चढला. वर पोचल्यावर त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो हसत होता. पुढचे कितीतरी दिवस तो दवाखान्यात तळमळत होता. बाबा त्याच्या उशाशी बसून एकच म्हणत राहिले, "काऊन केलं रे बापू?" मला मात्र तेव्हा बाबांचीच जास्त दया आली. ज्या माणसाने आयुष्यभर ओझी उचलली, त्याला स्वतःचं लेकरू उचलायची बंदी होती. मिलिंद उठायला लागला की बाबांचे हात आपोआप पुढे यायचे आणि मग ते पाठीमागे बांधून उभे राहायचे.

या हिवाळ्यात त्याच्या छातीत बिघाड झाला. दवाखान्यात महिनाभर पडून दंड उतरले, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. त्या शेवटच्या संध्याकाळी बाबा औषध आणायला खाली गेले होते. मिलिंदने खाटेचा दांडा धरला, जोर लावला आणि सोडून दिला. मी सवयीप्रमाणे हात न लावता उभी होते.

"ताई, ठेवलेला बी संपला," तो म्हणाला. "उचल मले."

मी उचललं. काहीच वजन नव्हतं... मी उशी सारखी केली, त्याला टेकवून बसवलं आणि तोंड फिरवून रडले. मागून तो म्हणाला, "बाबाले नको सांगजो."

मी सांगितलं नाही. हे इथे लिहितेय, कारण बाबांना पेपरची ही पुरवणी वाचता येत नाही. त्यांना मिलिंद वाचून दाखवायचा.

नेताना बाबा तिरडीच्या पुढच्या दांड्याशी जाऊन उभे राहिले. लोक म्हणाले, तुमचं वय झालं, तुम्ही नका देऊ खांदा. बाबा कुणाचं ऐकेनात. "उचलू द्या मले," म्हणाले. "आता तो नाई म्हणून नाई राह्यला." मग कुणी अडवलं नाही. शेवटपर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही.

गेल्या आठवड्यात मी समुद्रपूरला मुक्कामी होते. सकाळी उठून अंगणात आले, तर बाबा निंबाखाली उभे. रात्रीच्या दवाने पाइप ओला झाला होता आणि मिलिंदच्या दुकानातल्या जुन्या फडक्याने ते तो पुसत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे काम मिलिंदचं होतं. रोज व्यायामाआधी तो पाइप कोरडा करून घ्यायचा. मी जवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, राहू द्या ना. काऊन पुसून राह्यले?"

त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा पुसायला घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ओला राह्यला तं हात सटकते त्याचा."