सुताराची शिडी

मास्तरांना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे 'पैकीच्यापैकी' म्हणत. मास्तरांना हे ठाऊक होते, आणि ते कुणाच्या विस्मरणात जाऊ नये याची काळजी ते स्वतःच घेत. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर, एका लांबट खोलीत, त्यांचा गणिताचा क्लास चाले. प्रवेशपरीक्षेला बसणारी मुले तिथे गणित शिकायला येत नसत, गुण मिळवायला येत, आणि या दोहोंतला फरक मास्तरांनी कधी लपवून ठेवला नाही. मागील वर्षांचे प्रश्न, त्यांची उत्तरे, आणि ती उत्तरे झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईपर्यंतचा सराव: एवढ्या भांडवलावर त्यांनी मुलांच्या पिढ्या मार्गी लावल्या होत्या. त्यांतली काही आज इमारती बांधतात. त्या इमारतींत मास्तर सहसा पाऊल ठेवत नसत.

ही विद्या घरातलीच. क्लास वडिलांनी काढलेला, आणि परीक्षा म्हणजे शत्रू, शत्रूच्या गोटातली बातमी आधीच काढून ठेवावी, ही शिकवणही त्यांचीच. पन्नाशी ओलांडता ओलांडता याच वडिलांना फळ्यासमोर उभे असताना खडू कशासाठी असतो ते आठवेना. वडिलांच्या बहिणीचेही पुढे तेच झाले. आजोबांविषयी घरात कुणी बोलत नसे, त्या अर्थी त्यांचेही तेच झाले असावे. डॉक्टरांनी नंतर निदान केले: रक्तातून उतरणारा, ऐन उमेदीत गाठणारा स्मृतिभ्रंश, तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. इतरांना वारशात घर मिळते, दागिने मिळतात. या घरातल्या तिन्ही भावंडांना प्रत्येकी एक नाणेफेक मिळाली.

मोठ्या रुग्णालयात अशा घराण्यांचा अभ्यास करणारा एक विभाग होता. दरवर्षी तो तिघांना बोलावून घेई: थोरले दादा, मधले मास्तर आणि धाकटी बहीण. रक्त सुरुवातीलाच घेऊन ठेवलेले होते. ज्याला त्याचा निकाल नको असेल त्याला तो सांगायचा नाही असा नियम होता, आणि जन्मभर निकालांवर जगलेल्या या तिघांनी नेमका हाच निकाल पाहायला नकार दिला होता. बाकी तपासणी म्हणजे बुद्धीचे मोजमाप. एक लहानशी गोष्ट वाचून दाखवत. ती लगेच सांगायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा सांगायची. शब्द ऐकून परत म्हणायचे. एक किचकट आकृती पाहायची आणि नंतर स्मरणातून काढायची. आजार चारचौघांना दिसू लागण्याच्या कितीतरी आधी या चाचण्यांतले गुण किंचित घसरतात, आणि ती किंचित घसरण पकडणे हेच विभागाचे काम होते. मोजपट्टी बदलली तर यंदाची तुलना गतवर्षाशी कशी करणार, म्हणून प्रश्न दरवर्षी तेच.

प्रश्न दरवर्षी तेच, हे वाक्य या घराच्या कानावर पडायला नको होते.

पहिल्याच वर्षी तपासणी आटोपून तिघे रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये चहाला बसले आणि वडिलांनी लावलेली सवय आपसूक कामाला लागली. दादांनी शब्द सांगितले, धाकटीने गोष्ट सांगितली, मास्तरांनी सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर आकृती काढून दाखवली. कागदावर काही उतरवायचे नाही. लिहून ठेवतो तो कच्चा, असे वडील म्हणत. पुढल्या वर्षी तपासणीआधी घरी रीतसर उजळणी झाली. गोष्ट एका सुताराची होती. त्याची शिडी चोरीला जाते, हवालदाराला ती शाळेच्या छपराला टेकवलेली सापडते, आणि सुतार खूश होऊन शाळेचा मोडका दरवाजा फुकट दुरुस्त करून देतो. शिडीचा रंग निळा. रंगाला हमखास गुण असतात आणि माणसे हमखास तोच गाळतात, असे मास्तर दोघांना बजावत.

गुण वाढले. विभागप्रमुखांनी तोंडात बोट घातले. ज्या घराण्याचा आलेख उतरायचा त्याचाच आलेख चढत होता, आणि याचा सरळ अर्थ लावणे विद्वानांना जमण्यासारखे नव्हते, कारण त्यासाठी कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यावा लागला असता. त्यांनी भारदस्त अर्थ लावला. भरपूर शिकलेल्या माणसाच्या मेंदूत काही बुद्धी राखीव साठते आणि तीच आजाराला थोपवून धरते, असा सिद्धांत मांडून त्यांनी एका परिषदेत व्याख्यान दिले, आणि परतल्यावर व्याख्यानाचा फोटो तिघांना दाखवला. तिघांनी विनयाने माना खाली घातल्या.

ही राखीव बुद्धी दादांच्या किती उपयोगी पडली ते वहिनींना विचारावे. दादा गॅस पेटता ठेवून फिरायला जाऊ लागले, आलेल्या पाहुण्याला निरोप देऊन पुन्हा त्याचे स्वागत करू लागले. यांना काहीतरी होतंय, असे वहिनी सांगत. दादा रुग्णालयाचे गुण पुढे करत. मास्तर, एवढे गुण मिळवणारा माणूस आजारी असेलच कसा, असे विचारून विषय मिटवत. वहिनी कचेरीत कारकून होत्या, आणि द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या माणसाचे मत गंभीरपणे घेण्याची या घरात प्रथा नव्हती. शेवटी एका दुपारी दादा स्वतःच्या घरात न्हाणीघर समजून कपाटाचे दार उघडून उभे राहिले, तेव्हा सगळ्यांना वहिनींचे म्हणणे पटले. पटण्याची वेळ उत्तम निवडली होती.

कारण तोवर विभागात एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली होती, आणि तिचे दार मोठे मासलेवाईक होते. घसरण सुरू झालेली हवी, पण फार पुढे गेलेली नको. धडधाकटाला आत घेत नसत आणि पुरत्या खचलेल्यालाही घेत नसत. दादा कालपर्यंत कागदोपत्री धडधाकट होते, आज खचलेले ठरले. मधल्या काळात, जेव्हा ते दार त्यांच्यासाठी उघडे होते, तेव्हा ते सुताराची शिडी बिनचूक सांगत होते.

"तुम्ही त्यांना पास केलंत, भाऊजी," एवढेच वहिनी म्हणाल्या.

मास्तर क्लासची वेळ झाली म्हणून उठले. उत्तर येत नसलेला प्रश्न सोडून पुढे जावे, हे तंत्र ते मुलांनाही शिकवत असत.

यथावकाश फळ्यासमोर त्यांचीही पाळी आली. एकदा त्यांनी एक उदाहरण सोडवले, फळा पुसला आणि तेच उदाहरण नव्या उत्साहाने पुन्हा सोडवले. मुलांनी ती नवी पद्धत समजून दोन्ही वेळा उतरवून घेतली. पुढे हे वरचेवर होऊ लागले, आणि इतका सराव करून घेणारे शिक्षक आता राहिले नाहीत, असे एका पालकाने येऊन सांगितले. मास्तरांनी आभार मानले, दार आतून लावले आणि रिकाम्या बाकांकडे पाहत बसून राहिले.

यंदा उजळणी करायची नाही, असे त्यांनी ठरवले. घसरण असेल तर ती दिसू दे, आणि ते मासलेवाईक दार बंद होण्याआधी आपल्याला आत जाता येऊ दे. आयुष्यात प्रथमच त्यांना एखाद्या परीक्षेत कमी गुण हवे होते, आणि त्या कामाचा अनुभव त्यांना तिळमात्र नव्हता. मुद्दाम चुकावे तर ती लबाडी. औषध भलत्याच माणसाला जायचे. न चुकावे तर दादांची गत. शेजाऱ्याचे नाव हल्ली त्यांना चाचपडत शोधावे लागे. सुतार, हवालदार, छप्पर आणि तो निळा रंग मात्र जिभेच्या टोकावर हात जोडून उभे. जे विसरायला हवे तेवढेच या डोक्याला विसरता येत नव्हते.

तपासणीच्या दिवशी धाकटीचा क्रमांक सकाळी लागला आणि मास्तरांचा दुपारी. सोबतीला वहिनी आल्या होत्या. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि वेळ दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलेले घड्याळ. चाचणी घेणाऱ्या बाईंनी गोष्ट वाचायला घेतली. एक परिचारिका कामावर निघालेली असते. पुलावर तिला हिरवी छत्री सापडते. छत्रीच्या मालकाला शोधत ती बाजारभर फिरते, तिला उशीर होतो, आणि छत्री निघते तिच्याच मोठ्या डॉक्टरांची. म्हणून तिला कुणी रागावत नाही.

यंदा सुतार नव्हता. मास्तर चमकले, मग सैलावले. लगेच सांगायची होती तेव्हा त्यांनी परिचारिका सांगितली, छत्री सांगितली, डॉक्टर सांगितले. पूल आणि बाजार राहून गेले. हे बरे झाले, असे त्यांना वाटले. मग आकडे झाले, आकृती झाली, जनावरांची नावे झाली.

"मघाशी मी एक गोष्ट वाचून दाखवली होती," बाई म्हणाल्या. "आठवेल तेवढी सांगा."

मास्तर ताठ बसले. आवाज वर्गातला झाला. एका सुताराची शिडी चोरीला जाते, इथपासून त्यांनी सुरुवात केली आणि हवालदार, शाळा, छप्पर, मोडका दरवाजा असे काही न गाळता ते शेवटापर्यंत गेले. बाईंची पेन्सिल पहिल्याच वाक्याला थांबली होती, ती हललीच नाही. मास्तरांनी तिचा अर्थ लावला: चूकच नाही तिथे त्या लिहिणार काय?

"आणखी काही?"

"शिडी निळी होती," मास्तर म्हणाले आणि मनातल्या मनात हळहळले. तोंडाला आलेले गुण त्यांना आवरता आले नव्हते.

कॅन्टीनमध्ये ते वहिनींच्या आणि धाकटीच्या समोर जड अंगाने बसले.

"गेलं," ते म्हणाले. "पुन्हा पैकीच्या पैकी. सवयच वाईट."

"गोष्टसुद्धा?" धाकटीने विचारले.

"अख्खी. रंगासकट."

धाकटीने वहिनींकडे पाहिले, मग भावाकडे. "कुठला रंग, भाऊ?"

"निळा. शिडीचा. तुला काय नव्याने सांगायचं?"

बोलल्या त्या वहिनी. गेल्याच महिन्यात आपण बाईंना भेटून सगळे सांगून टाकले, उजळणी, चहा, सगळे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. म्हणून यंदा गोष्ट बदलली होती. सकाळी धाकटीलाही नवीच गोष्ट होती.

"आज कुणालाच सुतार नव्हता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवले.

"म्हणजे मी नापास झालो."

"झालात. आणि या घरात पहिल्यांदाच कुणीतरी वेळेवर झालं."

तेवढ्यात बाई त्यांना शोधत आल्या. औषधाच्या चाचणीत जागा आहे, आजचे गुण तिच्यात बसतात, मोठ्या डॉक्टरांना आजच भेटून घ्यावे, असे त्या म्हणाल्या. मात्र आत जायचे तर रक्ताचा निकाल पाहावा लागेल, आणि औषध लागू पडेलच अशी हमी कुणी देणार नाही. चालेल का?

"निकाल तर लागलाच आहे," मास्तर म्हणाले. "चला."

ते उठले. दोन पावलांवर थबकून त्यांनी मागे पाहिले, आणि चेहऱ्यावर क्लासमधली जुनी हुशारी क्षणभर परत आली.

"काय गं, ती नवी गोष्ट नेमकी कशाची होती? सांग बघू पटकन."

धाकटीने तोंड उघडले होते. वहिनींनी टेबलाखालून तिचा हात घट्ट दाबला.

"एक शब्द सांगशील तर बघ," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी त्यांना हीच विचारतील."