त्या फोटोतले हातमोजे

विजूभाऊ गेल्यापासून तुम्ही सगळ्यांनी स्टेटसला जो फोटो ठेवलाय, त्यातले हातमोजे माझ्या नवऱ्याचे आहेत.

आज विजूभाऊंची तेरवी. आजच्या दिवशी असं लिहू नये, कळतं मला.

पण तेरवीचं जेवण वाढतानाही लोक त्याच फोटोबद्दल बोलत होते. म्हणून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. विजूभाऊ आमच्या अमरावतीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. आणि आमचे हे त्याच टीमचे रिझर्व गोलकीपर.

रिझर्व म्हणजे काय, ते मला लग्नानंतर कळलं.

स्थळ आलं तेव्हा सांगितलं होतं, मुलगा गोलकीपर आहे. पहिली मॅच बघायला मी लग्नातली साडी नेसून गेले. गोलमध्ये दुसराच माणूस!

आमचे हे बाहेर, पाण्याच्या बाटल्यांजवळ.

बाकीचे खेळाडू बदलत राहतात. गोलकीपरची जागा एकच, आणि विजूभाऊ तिथून हलायचेच नाहीत. अंगात ताप, तरी उभे. बोट मोडलं, तर पट्टी बांधून उभे.

“विज्या, आज राहू दे. मी उभा राहतो,” हे म्हणायचे.

“तू बॉल मार बे शऱ्या. तुये बॉल अडवले का मंग बाकीच्याईचे काहीच वाटत नाई.”

हेच ह्यांचं काम. रोज संध्याकाळी विजूभाऊंना बॉल मारून द्यायचे. डावीकडे, उजवीकडे, पार खांबाच्या टोकाला. दिवाळीतही. मी बाळंतीण होते तेव्हाही.

बघणारे म्हणायचे, काय कीपर आहे!

काय मारणारा आहे, असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

जळायची मी. लपवत नाही.

मग एकदा मुंबईच्या एका कंपनीच्या टीमनं विजूभाऊंना बोलावलं. खालच्या डिव्हिजनची टीम, पण मुंबईची. ते बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि मी अंबादेवीला पेढे ठेवले.

शेजारणी म्हणाल्या, दुसऱ्याच्या सुखात सुख मानते बाई.

ह्यांना जागा मिळाली. जर्सी आली. ती मी स्वतः इस्त्री करून ठेवली.

सीझन सुरू व्हायच्या आधीच विजूभाऊ आमच्या दारात. हातात बॅग, स्वतःच्या घरीही न जाता.

“वहिनी, च्या टाका. तिकडं मले बेंचवर बसवून राहिले होते. म्हटलं, जमत नाई आपल्याले. अन् शऱ्यासारखे बॉल मारून देणारं तिथं कोणीच नाई.”

मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. “अवो, आता ते जागा तुमची हाय. सांगा त्यायले.”

“तो चांगला कीपर हाय वं. टीम जिंकली पायजे का नाई?”

विजूभाऊंच्या चहात मी साखर कमी टाकली. माझ्या हातात तेवढंच होतं.

ते म्हणाले, “वा वहिनी, फस्क्लास!”

ह्यांच्या खेळण्याचं शेवटचं वर्ष आलं. फायनल अकोल्याला होती. मी घरखर्चातून वाचवून ह्यांना नवे हातमोजे घेतले. वहीत तो खर्च ‘देवधर्म’ या खात्यात टाकला, कारण ते मी आधी अंबादेवीच्या पायाशी ठेवले. अंगारा लावला. दोन्ही मनगटांवर लाल दोरा शिवून टाकला, मशीनवर, पक्का.

आई, फायनलमध्ये एकदा तरी उभं कर, म्हटलं.

हाफटाइमनंतर विजूभाऊंचा हातमोजा तळव्यात फाटला. त्यांनी बाहेर पाहिलं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच ह्यांनी आपले काढले.

“अवो, देऊ नका!” मी मंडपातून ओरडले. ताशाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

बरोबरी झाली, मॅच पेनल्टीवर गेली. शेवटचा बॉल विजूभाऊंनी आडवं झेपावून बोटांनी बाहेर काढला. तोच हा फोटो. मनगटावरचा लाल दोरा नीट दिसतो.

देवीनं ऐकलं माझं. फक्त हातमोज्यांपुरतं ऐकलं.

मूळ फोटोत उजव्या कोपऱ्यात एक हात आहे. उघडा, आनंदानं वर झालेला. तो आमच्या ह्यांचा. स्टेटसला बसावा म्हणून तुम्ही तेवढाच कापलात.

हातमोजे परत द्यायला विजूभाऊ घरी आले. “वहिनी, आज तुमच्या देवीनं वाचवलं.”

“माह्या देवीले माणूस ओळखू नाई आला,” मी म्हटलं.

खूप हसले. त्यांना वाटलं, मी गंमत केली.

पुढे दोघांचे केस गेले, गुडघे गेले. संध्याकाळ काही सुटली नाही. मारणारे हे, अडवणारे ते.

काल संध्याकाळी हे एकटेच बॉल घेऊन निघाले. मी मागोमाग गेले.

ह्यांनी बॉल पेनल्टीच्या जागेवर ठेवला. दोन पावलं मागे गेले. आणि तसेच उभे राहिले.

“मारा ना,” मी म्हटलं.

“कोणाले मारू?”

समोरचा गोल रिकामा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तो रिकामा पाहिला.

“मंग तुमी उभे राहा. मी मारतो,” मी म्हटलं.

माझ्याकडे बघून हसले. खरंच चालत गेले. मी पदर खोचला, चप्पल काढून ठेवली.

गोलच्या पांढऱ्या रेषेपाशी हे थांबले. बराच वेळ थांबले. मग मागे फिरले.

“नाई वं. तिथं विज्या हाय.”

बॉल मी उचलून घरी आणला.

विजूभाऊ, तुमच्या तेरवीला कशाचीही कमी पडू दिली नाही. आज बुंदीत साखरही बरोबर होती.

अंबादेवी तुम्हाला आपल्या पायाशी जागा देवो. हे मी मनापासून मागते.

तिथली मिळाली की इथली सोडा.