सायकल थांबली की विझणारा दिवा

परवा इथे कोणीतरी विचारलं होतं — हिवाळ्यात ड्युटीवरून अंधाऱ्या रस्त्याने सायकलवर परत यावं लागतं, स्वस्तात चांगली लाइट कोणती घेऊ? मी दोन ओळींचं उत्तर लिहायला बसले... ते दोन ओळींत मावेना. म्हणून हा वेगळा धागा काढलाय. अॅडमिनना जागा चुकली वाटली तर हलवा, पण उडवू नका.

मी भूतखेत मानणाऱ्यातली नाही, हे आधी मांडून ठेवते. माझं माहेर यवतमाळचं. वडील कोर्टात कारकून, काका पोस्टात. आमच्या दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली असती, तर वडिलांनी मिरची फोडणीला टाकायला लावून लिंबाचं सरबत केलं असतं. तसल्या घरात वाढलेली बाई मी. इथल्या निम्म्या अनुभवांना आजही हसते, राग मानू नका.

लग्न होऊन मी बाभुळगावकडच्या एका खेड्यात आले. गावाचं नाव लिहीत नाही, आमची माणसं अजून तिथे आहेत. मोठ्या रस्त्यावरून फाटा फुटतो आणि फाट्यापासून चारेक किलोमीटर आत गाव. गावात शिरताना पहिलं घर आमचं, अगदी रस्त्याला लागून. पुढे गाव, गाव संपलं की नाला, आणि नाल्यापलीकडे चढ अन् नुसती शेतं. घरी सासूबाई — त्यांना मी आई म्हणायचे — आमचे हे, मी आणि आमची लहानगी रेणू. ह्यांचं नाव गजानन. आईंसाठी गजू.

मी बाभुळगावात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. हे फाट्याच्या अलीकडे कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये सीझनपुरते काट्यावर, म्हणजे कापूस मोजायच्या वजनकाट्यावर. दोघंही सायकलवर. एसटी होती, पण संध्याकाळची गाडी आली तर आली, नाहीतर बसा फाट्यावर हरी हरी करत.

ती कापसाची वाईट वर्षं. अळीने ठेवलं ते भावाने खाल्लं, आणि उरलेलं विकायला खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, ही भली मोठी रांग. नंबर लागेपर्यंत लोक तिथेच राहायचे, बंडीखाली जेवायचे, बंडीखाली झोपायचे. बैल सोडून झाडाला बांधलेले आणि कापसावर काळी ताडपत्री. सहा वाजता अंधार पडला की त्या बंड्या हाताच्या अंतरावर येईतो दिसायच्या नाहीत. त्यात लोडशेडिंग, आणि त्याच रस्त्याने कापसाच्या गाठी भरलेले ट्रक. तेव्हा लाइट कोणती घ्यायची हा आमच्या घरात गमतीचा विषय नव्हता.

ह्यांनी त्यासाठी अख्खा रविवार घालवला. यवतमाळच्या बाजारातलं सायकलचं एक दुकान सोडलं नाही, दुकानदार कंटाळले पण हे कंटाळले नाहीत. सेलची बॅटरी हँडलला बांधावी तर थंडीत सेल लवकर बसतात आणि सारखे नवे आणा. चार्जिंगवाली घ्यावी तर आमच्याकडे वीज आली की आधी पिठाची गिरणी आणि मग मोबाइल, लाइटचा नंबर केव्हा लागणार? शेवटी स्वतःला डायनॅमो घेतला. टायरला घासून चालणारा, ना सेल ना चार्जिंग. पायातनं वीज निघते म्हणून काय खूष झाले होते! घरी आल्यावर आईंना ओसरीत बसवून, मागचं चाक उचलून, पॅडल फिरवून दाखवलं. पिवळाजर्द उजेड. आईंनी त्या उजेडाला हात जोडले.

त्यातली खोट मी पहिल्याच दिवशी काढली. सायकल थांबली की डायनॅमो थांबतो, आणि डायनॅमो थांबला की अंधार. मी म्हटलं, थांबलं की विझणारा दिवा काय कामाचा?

"मंग थांबाचं कायले?" हे म्हणाले.

माझ्या सायकलला मात्र पुढे सेलवाली पांढरी लाइट आणि मागे लाल ब्लिंकर. तो ब्लिंकर तेव्हा नुकताच बाजारात आला होता, एकच आणला. त्यावरून मी भांडले. घरी येताना मी पुढे असते, तुम्ही मागे, तर लाल दिवा मागच्याला हवा — एवढं साधं गणित. ह्यांनी ऐकून घेतलं आणि स्क्रू पिळत राहिले.

"मले काट्यावर कवा उशीर होईन सांगता येत नाही. तू एकटी निघशीन तवा मांगून येणाऱ्याले दिसली पायजे."

तो लाल दिवा माझ्याच सायकलला राहिला.

आमची पद्धत ठरलेली होती. सुटल्यावर मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी थांबायचे. हे आले की मी विचारायचे, "आज उशीर झाला काट्यावर?" रोज तेच. मग मी पुढे आणि हे मागे, थोडे उजवीकडे. म्हणजे ह्यांचा उजेड माझ्या बाजूने पुढच्या रस्त्यावर पडायचा, आणि मागून ट्रक आला तर आधी ह्यांच्याकडे यायचा. ही दुसरी बाजू तेव्हा माझ्या लक्षातही आली नव्हती. ह्यांच्या मागच्या टायरला एका जागी चीर होती, आतून तुकडा टाकून जुळवलेली. तिथे डायनॅमो उडायचा. घर्रर्र-टक, घर्रर्र-टक, आणि प्रत्येक 'टक'ला उजेड एकदा लवायचा. त्या आवाजावर मी डोळे मिटून घरी आले असते.

एक दिवस रेणूला ताप होता म्हणून मी घरीच राहिले. हे एकटे निघाले. बंड्यांची रांग, समोरून ट्रक आला, त्याला वाट द्यायला हे कडेला उतरले. उतरले म्हणजे थांबले. मागून दुसरा ट्रक येत होता. लाल दिवा इकडे आमच्या ओसरीत, माझ्या सायकलला. रांगेतल्या ज्या माणसाने ह्यांना उचललं, तो नंतर घरी येऊन आईंपाशी बसला. त्याने इतकंच सांगितलं — "लाइट होता बाई... मंग नव्हता."



आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्याला शेवटचं ठेवलं तिथे पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराचा पाय, मुंगीची वाट — जे दिसेल त्या जन्माला माणूस गेला असं धरतात. आईंनी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं, नुसतं सपाट. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई म्हणाल्या, तो कुठेच गेला नाही. मी कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, मी टोपली आत नेऊन ठेवली. ह्यांची मोडलेली सायकल गोठ्यात उभी करून ठेवली, डायनॅमो तिच्यावरच वाकडा होऊन लटकलेला, लाइटची काच फुटलेली.

आता तो दिवस. पुढचा हिवाळा. बंड्यांची रांग तशीच, मी तशीच, फक्त टपरीपाशी थांबायचं कारण उरलं नव्हतं. तरी थांबायचे. चहा घ्यायचे, तो गार व्हायचा, मग निघायचे. त्या संध्याकाळी गावाकडे वळले तेव्हा माझ्या लाइटचे सेल बसत आले होते आणि चाकापुढे जेमतेम चार हात दिसत होतं. मोठा रस्ता मागे पडला, ट्रकचे आवाज मागे पडले.

आणि मागून आलं — घर्रर्र-टक.

मला वाटलं माझ्याच चाकात काही अडकलं. पण रस्ता उजळला होता. पिवळा उजेड, माझ्या उजव्या बाजूने पुढे पडलेला, आणि त्यात माझी सावली डावीकडे कलून लांबच लांब. 'टक' झालं की उजेड लवायचा. मी पॅडल हळू केले, तो हळू झाला. जोरात मारले, तोही जोरात.

भीती वाटली का, असं मला माझा भाऊ विचारतो. नाही वाटली. वाटली ती एकच भीती, की वळून बघितलं आणि दुसरंच कोणी निघालं तर? म्हणून मी वळले नाही. रडत होते, पण नीट चालवत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला पुढचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

गाव जवळ आलं. लोडशेडिंग होतं, सगळं काळंकुट्ट, फक्त आमच्या दारात कंदील. आई रोज फाटकाच्या फाट्याकडच्या खांबावर कंदील टांगून उभ्या राहायच्या, कडेवर किंवा पायाशी रेणू. आता ब्रेक दाबायचा आणि उतरायचं... आणि माझा हात ब्रेकवर गेलाच नाही. थांबलं की विझतो ना तो! मी थांबले तर हे थांबतील, हे थांबले की अंधार. मनात दुसरं काही नव्हतं. सायकलवाल्या घरातली बाईच असा विचार करेल, पण तेव्हा तो मला अगदी बरोबर वाटला.

मी दारावरून पुढे गेले. आईंनी हाक मारलेली ऐकू आली. मी पॅडल मारत राहिले. देऊळ गेलं, विहीर गेली, गाव संपलं. मागे घर्रर्र-टक चालूच. माझं ठरलं होतं की जिथवर रस्ता आहे तिथवर जायचं. घर, नोकरी, सगळं त्या वेळी मागे कुठेतरी राहिलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. हे खरं आहे म्हणून लिहितेय.

नाला उतरला आणि चढ लागला. तिथे पाय भरून आले. चढावर सायकल डुलायला लागली आणि कशी कोण जाणे, मला रेणू आठवली. ती माझ्या हातून भात खाल्ल्याशिवाय झोपत नसे. मी पाय टेकला.

घर्रर्र बंद झालं. एकदम शांत.

उजेड विझला नाही.

पिवळा, स्थिर, जराही न लवता तो चढावर पडलेला होता. रस्त्याकडेची पऱ्हाटी दिसत होती, तिच्यावर वेचायचा राहिलेला कापूस दिसत होता, हँडलवरचे माझे हात दिसत होते. चाक फिरत नसताना डायनॅमो जळत नाही. हे मला ह्यांनीच शिकवलं होतं, ओसरीत चाक उचलून. मी तशीच उभी राहिले. काय बोलावं? तोंडात आलं ते रोजचंच आलं.

"आज उशीर झाला काट्यावर?"

उजेड हळूहळू उतरला. पिवळ्याचा तांबूस झाला, मग नुसता चढ उरला. तेव्हा मी वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

सायकल ढकलत घरी आले. वाटेत ठरवलं, आईंना यातलं काही सांगायचं नाही, नाल्याकडे कोणाला सोडायला गेले होते म्हणायचं. आई फाटकातच होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या पाठीमागे बघितलं, मग खांबावरचा कंदील काढून, वर करून आणखी लांब बघितलं. आत ओसरीत ताटं वाढलेली होती. एक ताट जास्त होतं.

"दोन लाइट दिसले मले," आई म्हणाल्या. "तुह्यावाला पांढरा, अन् मांगं त्याचावाला पिवळा. तू थांबली नाही, मंग तो बी नाही थांबला." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "दारापर्यंत आला होता माहा पोरगा. घरात काहून नाही आणलं त्याले?"

मी खाली बसले आणि त्यांच्या पायाला धरून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होत्या नाल्याकडेच.

सकाळी गोठ्यात जाऊन मी ह्यांची सायकल बघितली. धूळ तशीच, कोळ्याचं जाळं तसंच. गावात विचारलं, त्या वेळी फाट्याकडून दुसरं कोणी सायकलवर आलं नव्हतं. भाऊ म्हणतो, दुःखात माणसाला काहीही दिसतं. बरोबर आहे, मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. पण मी काही बोलायच्या आधी आईंनी दोन दिवे कसे मोजले, एवढं त्याला विचारलं की तो चहा मागतो. त्यानंतर तो आवाज मला पुन्हा कधी ऐकू आला नाही, सेल मुद्दाम बसू दिले तरी नाही.

ज्यांनी लाइटचं विचारलं होतं त्यांना — भाऊ, डायनॅमो घेऊ नका. उभं राहिल्यावरही चालू राहील अशी घ्या, आणि मागचा लाल दिवा स्वतःच्या सायकलला लावा. घरात दोन सायकली असतील तर दोन घ्या.

आई पुढे बरीच वर्षं होत्या. हिवाळा लागला की रोज संध्याकाळी कंदील लावायच्या, शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी तो फाटकाच्या फाट्याकडच्या खांबावर कधी टांगला नाही. दुसऱ्या खांबावर टांगायच्या, नाल्याच्या बाजूच्या. तो तिकडे गेला होता, म्हणजे परत येईल तो तिकडूनच.