फाडलेली दहा पाने

सुलतान बाजारातला तो दुकानदार पुस्तके, कॅसेटी आणि नव्यानेच आलेले व्हिडिओ गेम भाड्याने देई. गिऱ्हाइकाची आवड तो कधी विचारत नसे, चष्मा पुसत म्हणे, "किसका टाइम पास करना है?"

मी सांगितले, "माझ्या थोरल्या भावाचा. मोडलेला पाय जुळला, तरी भीतीने पलंग सोडत नाहीत."

त्याने एक रहस्यकथा दिली. दादांनी ती अधाशासारखी वाचली. पण शेवटची दहा पाने फाडलेली निघाली. मुलांना पुस्तके जपायला शिकवणारा मी हादरलोच. जाब विचारायला गेलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पन्ने मेरे कने हैं, मास्टरसाब. भाईसाब को बोलो, चल के आना, पढ़ लेना."

मी घरी परतलो. निरोप ऐकताच दादा कडाडले, "कुठे बसतो तो नालायक?" आणि त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.