दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

रेकॉर्डकाकांच्या घरी बूट काढून आत गेलं, की आधी हात धुवावे लागत. जेवायला नव्हे, रेकॉर्डच्या कव्हरला हात लावायला. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्ड्स पाच-पन्नास होत्या, पण वाजायची ती एकच, एका इंग्लिश रॉक बँडचा सगळ्यात गाजलेला अल्बम. कॉलेजात असताना त्यांनी तो पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानातून घेतला होता आणि अमेरिकेला येताना विमानात मांडीवर ठेवून आणला होता. "माझी पैठणी बॅगेतून आली, रेकॉर्ड मांडीवरून," असं काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

मी तिथे पोचलो २००५च्या हिवाळ्यात, नागपूरहून, एच-वन व्हिसावर, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. काका आमचे मॅनेजर. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते जमेना, म्हणून मी काका म्हणू लागलो. त्याच्या पुढे 'रेकॉर्ड' जोडलं माझ्या बायकोने, अनघाने. बर्फात गाडी कशी चालवायची ते काकांनी मला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शिकवलं. अनघा तापाने पडली तेव्हा काकू चार दिवस डबा घेऊन आल्या. परक्या मुलखात वडीलधारं माणूस मिळालं, असं मी आईला फोनवर सांगितलं होतं. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

शनिवारी दुपारी बोलावणं असे. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही, हे त्यांचे नियम. "लाखांनी विकला गेला हा," ते म्हणत, "पण लोकांनी ऐकली दोन गाणी, रेडिओवरची. अरे, ती म्हणजे नुसती कोशिंबीर यार! जेवण पुढे आहे." हीच गाणी मी गाडीत उलटसुलट क्रमाने ऐकतो, असं एकदा बोलून गेलो, तर पुढचे तीन शनिवार बोलावणं आलं नाही.

रेकॉर्डवर एक चरा होता. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात सुई अडकायची आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजायची. काका त्याच्या आधीच उठून शेजारी उभे राहत आणि नेमक्या क्षणी करंगळीने सुईची दांडी पुढे सरकवत. मला त्यांनी ते शिकवलं. "जोर नाही लावायचा. तिला नुसतं सांगायचं, पुढे रस्ता आहे." मला जमलं त्या दिवशी त्यांनी काकूंना खाली बोलावून माझ्याकडून पुन्हा करवून घेतलं. शाळेत पहिला नंबर आल्यावरही मी इतका फुगलो नव्हतो.

२००७च्या उन्हाळ्यात मला चँडलर नावाच्या दूरच्या शहरातून नोकरीची ऑफर आली. पण इथे माझी ग्रीन कार्डची फाइल नुकतीच सुरू झाली होती, आणि नोकरी बदलली की ती पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी शहाणा माणूस वकिलाला विचारतो. मी काकांना विचारलं. पहिली बाजू संपली होती, तेवढाच बोलायचा वेळ.

"काका, जाऊ का?"

त्यांनी रेकॉर्ड उलटली, फडक्याने पुसली. "प्रोजेक्ट टाकून? अल्बम कुणी मध्येच बंद करतं का? फाइल चालू आहे ना तुझी? मी बसलोय ना इथे!"

सोमवारी मी ऑफर नाकारली. अनघाला दिवस गेले होते. बाळंतपणाला काकू जवळ असतील, म्हणून तीही खूश होती.

त्यानंतर काका न चुकता दर शनिवारी बोलावू लागले. मी बूट काढेपर्यंत रेकॉर्ड सुरू झालेली असे. ऑफिसात त्यांनी मला आमच्या सॉफ्टवेअर सिस्टीमची सगळी माहिती बारीकसारीक लिहून काढायला लावलं. "फाइलला उपयोगी पडेल," म्हणाले. अनघा म्हणाली, "ते तुला बोलूच देत नाहीत, लक्षात येतंय का?" मी तिच्यावरच चिडलो. एका शनिवारी सुई अडकली आणि काका उठलेच नाहीत. तीच ओळ आठ-दहा वेळा वाजली. ते जमिनीकडे बघत होते. शेवटी मीच उठून दांडी सरकवली.

ऑक्टोबरमध्ये आमची टीम बंद झाली. काम भारतातल्याच एका कंपनीकडे गेलं, मी लिहून दिलेल्या कागदांसकट. एचआरच्या बाई सहज म्हणाल्या, "मार्चमध्येच ठरलं होतं. हँडओव्हर होईपर्यंत तुम्हाला सोडू नये, असं तुमच्या मॅनेजरनीच सांगितलं. त्यांनी कल्पना दिली असेलच."

मी काकांच्या केबिनमध्ये गेलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला बोलायची परवानगी नव्हती रे. माझीही नोकरी होती."

"बोलू नका. पण नुसतं 'जा' म्हणायला काय जात होतं तुमचं?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या केबिनमध्ये कळलं. चँडलरची जागा केव्हाच भरली होती. दुसरी नोकरी मिळेना, आणि नोकरी नाही तर व्हिसाही नाही. सहा महिन्यांच्या गरोदर अनघाला घेऊन मी परत निघालो.

निघायच्या दिवशी काकू आल्या, हातात लाडू आणि एक चपटं पार्सल. "ते खाली गाडीत आहेत," म्हणाल्या. "वर यायला पाय उचलत नाहीत त्यांचे." मी खाली गेलो नाही. विमानात पार्सलही मांडीवर घेतलं नाही. अनघाने ते बॅगेत साड्यांमध्ये ठेवलं.

नागपुरात ती रेकॉर्ड कित्येक वर्षं कपाटावर पडून होती. परत पाठवायची, असं दर दिवाळीच्या साफसफाईत ठरायचं. शेवटी लेकीने हट्ट धरला, म्हणून मी एक जुना प्लेअर आणला. रेकॉर्ड बाहेर काढण्याआधी मी हात धुतले, आणि ते लक्षात आल्यावर माझी मलाच चीड आली. राग अजून गेलेला नाही. तो जावा असं वाटतही नाही.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं आणि सुई अडकली. "बाबा, खराब आहे ही," लेक म्हणाली. तोवर मी उठून उभा होतो. करंगळी आपोआप पुढे झाली, गाणं पुढे सरकलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"होते एक काका. अमेरिकेत."

"मग आपण त्यांना फोन का नाही करत?"

"गाणं चालू असताना बोलायचं नाही," मी म्हणालो.